गवताचं बेट

भोंगाकाकांना हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही. का ठेवलं, हे मात्र कधी कुणाला विचारावं लागलं नाही. काका गोठ्यात उभे राहून साधं ‘चहा झाला का?’ म्हणाले, तरी ओढ्यापलीकडे राहणाऱ्या व्याह्यांना वाटायचं, आपल्यालाच बोलावणं आलं. आवाज मोठा, मत त्याहून मोठं, आणि दोन्ही न मागता मिळायची. त्यांची एक हाक गेली की दूरच्या उतारावर चरणाऱ्या गायी माना वर करायच्या. माणूस मनानं साफ होता. रागावले की लगेच रागवायचे आणि लगेच विसरायचे. ज्याच्यावर रागावले तो काही विसरायचा नाही, पण ते त्यांच्या ध्यानातही यायचं नाही.

या आवाजापायीच ते एकदा अडकले होते. झालं असं, की खोऱ्यातले सगळे गुरंवाले वर्षानुवर्षं उन्हाळ्यात डोंगरावरच्या मोठ्या कुरणात गुरं चारायचे. खाली चारा संपायचा, वर डोंगरावर तो टिकायचा. तेवढ्यावर सगळ्यांचे कळप तगायचे. त्या डोंगराच्या मालकानं तो विकायला काढला आणि पक्षी वाचवणाऱ्यांच्या एका मंडळानं विकत घेतला. झालं! आता हे लोक तारा ठोकणार, पाट्या लावणार आणि आपल्याला गुरं विकायला लावणार, असं म्हणत खोऱ्यानं डोकं धरलं. बैठक ठरली तेव्हा काका बाह्या सरसावूनच गेले होते.

मंडळाकडून एक तिशीतली बाई आली होती. गळ्यात दुर्बीण, बुटांना चिखल, आणि बोलता बोलता मधेच खिडकीबाहेर बघायची सवय. खोऱ्यानं तिचं नाव पहिल्याच दिवशी पाखरूबाई ठेवलं. ती म्हणाली, “डोंगर बंद करायचा नाहीये. गुरं चरली नाहीत तर वर काटेरी झुडपं माजतील, आणि मग पाखरंही राहणार नाहीत. तुमची गुरं आम्हाला हवीच आहेत. फक्त खाली ओढ्याकाठच्या तुमच्या कुरणांत क्रौंच अंडी घालतात, तिथं थोडं सांभाळा.”

सांभाळा म्हणजे दोन गोष्टी. पिल्लं गवतात हिंडत असतील तोवर कापणीचं यंत्र घालायचं नाही. आणि कापायला लागाल तेव्हा काठाकडून नव्हे, कुरणाच्या मधोमध सुरुवात करून बाहेर बाहेर यायचं. काठाकडून आत कापत गेलं, की गवतात लपलेला जीव घाबरून आत आत सरकत जातो आणि शेवटच्या फेरीला पात्याखाली सापडतो. मधून सुरुवात केली तर त्याला बाहेर पळायला वाट राहते. ऐकायला सोपं होतं, आणि सगळ्यांना पटलंही होतं.

तेवढ्यात मंडळाचे एक चष्मेवाले गृहस्थ हळूच म्हणाले, “कबूल करायला काय, सगळेच करतात.” भोंगाकाका ताडकन उठले. टेबलावर मूठ आपटून म्हणाले, “लिहून घ्या! आमच्यातल्या एकाच्याही यंत्राखाली पिल्लू मेलं, तर त्या वर्षी डोंगराचं फाटक सगळ्यांना बंद! आहे कबूल?” असली अट मंडळानं मागितलीच नव्हती. व्याह्यांनी टेबलाखालून त्यांचा सदरा ओढला, पण तोवर ते कागदावर उतरलं होतं. तेव्हापासून खोऱ्यात त्याला ‘भोंग्याचं कलम’ म्हणतात, आणि कापणीच्या दिवसांत प्रत्येक घरी त्याचा उद्धार होतो.

मधले उन्हाळे नीट गेले. काकांनी सुरुवातीला नाक मुरडलं, मग मधून कापायला शिकले, मग पहाटे चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभे राहायला लागले. क्रौंचांची एक जोडी दरवर्षी त्यांच्याच कुरणात उतरायची. “मी काही पाखरं बघत नाही, हवा बघतोय,” असं ते काकूंना सांगायचे. काकूही मान डोलवायच्या आणि दुसरा कप तिथंच आणून द्यायच्या.

यंदा हवेनं घोटाळा केला. गवत तयार होऊन उभं होतं, पण जोडीचं पिल्लू उशिराचं, अजून उडतं झालं नव्हतं. काका थांबले. खोऱ्यातल्या सगळ्यांचं कापून झालं, तरी काका थांबले. शेवटी पाखरूबाईंचा फोन आला, “काका, ती पिल्लाला घेऊन ओढ्याकाठच्या लव्हाळ्यात गेलीत. उद्या कापा. पावसाआधी उरकून घ्या. पण मधून सुरुवात करा हं, परत येतात कधी कधी.”

सकाळी काका ट्रॅक्टर बाहेर काढत होते, तेव्हा पुलावरून इकडे आलेल्या व्याह्यांनी कुंपणापलीकडून हात हलवला. “आमचं कापून, वाळून झालं बरं का. आज भरायला घेतलंय. तुमचं काय, पावसात धुऊन कापणार का?”

बस, एवढंच. पण व्याह्यांचं बोलणं म्हणजे काकांच्या बुटातला खडा. लेक त्यांच्या घरात दिलेली, त्यामुळे तोंडावर उत्तर देता येईना. तेव्हा काका ट्रॅक्टरवर बसून मनातल्या मनात उत्तरं रचायला लागले. काकू म्हणायच्या, यांची सगळी चांगली उत्तरं ट्रॅक्टरवर जन्मतात आणि तिथंच मरतात. एक उत्तर सुचलं, ते मवाळ वाटलं. दुसरं सुचलं, ते लेकीला लागलं असतं. यंत्र घरघरत होतं, मागे गवत आडवं पडत होतं, वास असा सुटला होता की कुणाचंही डोकं हलकं व्हावं. शेवटी एक उत्तर असं फक्कड जमलं की काका एकटेच खदखदून हसले, आणि हसता हसता त्यांनी मान वळवली.

समोर दोन क्रौंच उभे होते. उंच, राखाडी, माना ताणलेल्या. उभ्या गवताच्या अगदी कडेला उभे राहून ते ओरडत होते, आणि ते उभं गवत कुरणाच्या मधोमध होतं. भोवती चारी बाजूंनी सपाट, कापलेलं रान. काकांनी इंजिन बंद केलं. 

फाटकाजवळच्या कोपऱ्यातून सुरुवात करून ते गोल गोल आत आले होते. त्यांचे वडील तसेच कापायचे, तेही जन्मभर तसेच कापत आले होते. आणि आज डोकं व्याह्यांशी भांडत असताना हातांनी आपलं जुनंच काम बिनबोभाट केलं होतं. आता मधे एक बेट उरलं होतं, अंगणापेक्षा थोडं मोठं. आईबाप तिथून हलत नव्हते, म्हणजे पिल्लू आत होतं. पात्यांनी घाबरवून काकांनीच त्याला आत कोंडलं होतं.

खरं सांगायचं तर एक नको तो विचार त्यांच्या मनात येऊन गेला. थोडंसंच काम उरलंय. कुरणात दुसरं कुणी नाही. फिरवलं यंत्र, तर कुणाला काय कळणार? हा विचार आला तसा काकांना स्वतःचीच इतकी किळस आली की ते ट्रॅक्टरवरून खाली उतरले आणि चावी खिशात घातली. मग फोन काढला.

“कोण बोलतंय?” पाखरूबाईंनी विचारलं.

“मी.”

“मी कोण?”

“अहो मी, काका. भोंगा.” त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की त्यांनाच ओळखू येत नव्हता. “बाई, माझ्याकडून मोठा घोळ झालाय.”

पाखरूबाई आल्या तेव्हा काकू फाटकापाशी उभ्या होत्या, आणि ट्रॅक्टर मधेच थांबलेला पाहून व्याहीही आले होते. बाई रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. त्या तडक पुढे गेल्या. बांधावर पालथ्या झोपून दुर्बिणीतून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “आहे. कोंबडीएवढं आहे. पंख अजून अर्धेच आलेत.”

“मग ते बेट तसंच ठेवतो ना मी,” काका म्हणाले. “मला नको ते गवत.”

“आता तेवढ्यानं भागायचं नाही, काका. वर बघा.”

वर घारी फिरत होत्या. गवत कापलं की उंदीर उघडे पडतात, त्यांच्यावर घारी येतात, कावळे येतात आणि अंधार पडला की कोल्हे. एवढ्या मोठ्या मोकळ्या रानात लपायला एकच जागा उरलेली, तेव्हा कोल्हा सगळ्यात आधी तिथंच शिरणार. पिल्लाला उजेडातच लव्हाळ्यात पोचवायला हवं होतं, आणि लव्हाळं कुरणाच्या पार दुसऱ्या टोकाला, ओढ्याकाठी होतं.

“धरून नेलं तर?” काकूंनी विचारलं.

“माणूस आत शिरला की ते उघड्यावर पळेल. घार लगेच झडप घालेल. धरलंच, तरी पाय काडीसारखे असतात, मोडतात.”

 काकांच्या डोळ्यांपुढे डोंगराचं बंद फाटक उभं राहिलं. नुसतं त्यांचं नव्हे, सगळ्यांचं. खालचा चारा संपला की एकेक घर गुरं विकायला काढेल आणि विकताना त्यांचं नाव घेईल. व्याहीही विकतील, लेकीच्या हातच्या गायी जातील. एक मूठ टेबलावर आपटून त्यांनी हे ओढवून घेतलं होतं, आणि निस्तरायला मूठ काही कामाची नव्हती. त्यांना रडू येईल असं वाटायला लागलं.

पाखरूबाईंनी दुर्बीण खाली ठेवली. “काका, ही जोडी सकाळी तुमच्या गायींच्या मागे मागे फिरते, किडे वेचत. माणूस दिसला की उडतात, पण गाय अंगाला घासून गेली तरी सरकत नाहीत. गायी इथून ओढ्यावर गेल्या तर?”

“गायी? इथं?” काका म्हणाले. “सगळं गवत तुडवतील, खातील...” आणि मधेच थांबले. त्यांचं डोकं आज पहिल्यांदाच जागेवर आलं. “सगळ्या नकोत. वासरंवाल्या तर नकोतच, पिल्लू दिसलं की अंगावर जातील. म्हाताऱ्या आणतो. सासूबाईंना पुढे घालतो.”

“तुमच्या सासूबाईंना?” बाईंनी दचकून विचारलं.

“गाय आहे हो ती,” काकू म्हणाल्या. “पुढे चालते, मागच्यांना वळण लावते आणि स्वतः कुणाचं ऐकत नाही. नाव माझ्या आईवरून ठेवलंय यांनी.”

सासूबाईंची पाणी प्यायची जागा लव्हाळ्याला लागूनच होती. कुरण मोकळं असलं की फाटकातून निघून त्या मधूनच तिकडे जायच्या, आणि घाई त्यांनी जन्मात केली नव्हती. बाईंनी कुत्रा बांधायला लावला. पलीकडे व्याह्यांची माणसं यंत्रानं गवताचे गठ्ठे बांधत होती, ते यंत्रही बंद व्हायला हवं होतं. व्याह्यांनी काळवंडलेल्या आभाळाकडे पाहिलं, पलीकडे पसरलेल्या आपल्या गवताकडे पाहिलं, आणि यंत्र बंद करायला गेले.

“आणि काका,” बाई म्हणाल्या, “काहीही झालं तरी तुम्ही ओरडायचं नाही.”

काकूंनी तोंडाला पदर लावला. एवढ्या काळजीतही त्यांना हसू आवरेना.

गायी आल्या. काका वाकून, सासूबाईंच्या आडोशानं, त्यांच्या मानेवर हात ठेवून चालत होते. कापलेलं गवत समोर पसरलेलं पाहून गायींना मेजवानीच वाटली. त्या दोन पावलं टाकायच्या आणि थांबून खायच्या. एरवी काकांनी एकच आवाज दिला असता. आता ते सासूबाईंच्या कानाशी लागून पुटपुटत होते, “चला ना. पाया पडतो तुमच्या. खा हवं तेवढं, पण चालता चालता खा.” सासूबाई घास चावत राहिल्या. मग त्यांच्या मनाला आलं तेव्हा निघाल्या.

बेट जवळ आलं. क्रौंचांनी माना वळवून गायींकडे पाहिलं आणि ओरडायचे थांबले. गायी बेटाच्या दोन्ही बाजूंनी पसरल्या. काका खाली मान घालून उभे राहिले. वर बघायचाही त्यांना धीर होईना. बराच वेळ काहीच झालं नाही. मग मादी गवतातून बाहेर पडली, दोन गायींच्या मधे येऊन उभी राहिली, आणि तिच्या मागोमाग एक तपकिरी, लांबट पायांचं, अगदी बावळट दिसणारं पोर बाहेर आलं. नर सगळ्यांत शेवटी निघाला.

आता सगळी वरात ओढ्याकडे निघाली. गायींच्या पोटाखालच्या सावलीतून पिल्लू चालत होतं, थांबत होतं, किडा टिपत होतं, जणू काही घडलंच नव्हतं. एक घार खाली आली. नरानं पंख फैलावले, एका गाईनं डोकं झटकलं, घार वर गेली. पण पिल्लू घाबरलं आणि जमिनीला चिकटून बसलं. बसलं ते नेमकं एका गाईच्या पुढच्या पायाशी, आणि गाईनं पाऊल उचललं.

काकांना विचार करायला वेळ नव्हता. त्यांनी आपला खांदा गाईच्या बरगडीला लावला आणि जिवाच्या आकांतानं तिला बाजूला रेटलं. पाऊल पिल्लावर पडलं नाही. ते काकांच्या पायावर पडलं, आणि गाय त्यावर आपला सगळा भार देऊन निवांत उभी राहिली.

ज्या माणसाचं चहा मागणं ओढ्यापलीकडे ऐकू जायचं, तो माणूस त्या वेळी ओरडला नाही. त्यांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बांधावरून दुर्बिणीतून बघणाऱ्या पाखरूबाईंनी श्वास रोखून धरला. काकू पुटपुटल्या, “अहो, सोसा. एवढं सोसा.” शेवटी गाईनंच पाय उचलला. मादीनं बारीक आवाज काढला, पिल्लू उठलं आणि तिच्या मागे धावलं.

सासूबाई पाण्याशी पोचल्या. क्रौंच त्यांना वळसा घालून लव्हाळ्यात शिरले. हिरव्या पात्यांत तपकिरी पाठ क्षणभर दिसली, मग नुसतं लव्हाळं हललं, मग तेही थांबलं. थोड्या वेळानं आतून, खोलवरून, दोघांची हाक आली, एकामागून एक, अगदी स्वस्थ.

मग भोंगाकाका ओरडले. इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. पलीकडे व्याह्यांची माणसं धावत बांधावर आली. गायींनी माना वर केल्या. काका एका पायावर नाचत होते, रडत होते आणि हसतही होते, आणि काकू फाटकापासून धावत येताना त्यांच्या तिप्पट रडत होत्या. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते त्या दिवशी दोघांनाही कळलं.

काकांना बांधावर बसवून बूट काढला. पाय सुजला होता, निळा पडत होता, पण बोटं हलत होती. पाखरूबाई शेजारी बसल्या. काकांनी त्यांच्याकडे न बघता विचारलं, “आता मंडळात काय सांगणार?”

“झालं तसं सांगणार.”

“बरोबर आहे. मी बाहेरून आत कापलं, हेही सांगा. लपवू नका. आणि बाकीच्यांचं फाटक बंद करू नका म्हणावं, फक्त माझं करा. कलमात तेवढा बदल करून घ्या. मी सगळ्यांच्या पाया पडेन.”

“बदल कशाला? तुमचंच कलम आहे, तुम्हीच नीट वाचत नाही. पिल्लू मेलं तर फाटक बंद. मेलं का?”

“नाही.”

“मग झालं की. पुढच्या आठवड्यात डोंगराचं फाटक उघडतोय. तुमची गुरं वर कधी सोडताय तेवढं सांगा, मी आधी जाऊन पाण्याची टाकी बघून येते.”

काकांना तारीख सांगायची होती. पण ते बाहीनं डोळे पुसत राहिले. काकूंनीच सांगितलं, “सोमवारी. सोमवारी सोडतो म्हणावं.” आणि चारचौघांत कधी न केलेली गोष्ट केली, नवऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

आभाळ खाली उतरलं होतं. हिरवं गवत पावसात भिजलं तर कुजून जाईल, म्हणून मग कुणीच वेळ घालवला नाही. व्याह्यांची माणसं आपलं अर्धं राहिलेलं गवत तिथंच सोडून पुलावरून इकडे आली. आधी काकांचं उचलू म्हणाली. पाखरूबाईंनी दुर्बीण पाठीवर टाकली आणि ट्रॉलीवर चढल्या. त्यांना गवत रचता येत नव्हतं, पण तुडवता येत होतं, आणि ट्रॉलीवर कुणीतरी तुडवायला लागतंच. काकू खालून गवत देत होत्या. सासूबाई ओढ्यापासून परत येऊन राहिलेल्या ओळीवर खुशाल ताव मारत होत्या, आणि त्यांना कुणी हटकलं नाही. छपराखाली पसरून वाळवायला सगळं गवत आत गेलं, आणि मगच पहिले थेंब आले.

व्याही कपाळ पुसत काकांपाशी आले. काका अजून बांधावरच बसले होते. दोघांच्या समोर, मोकळ्या रानाच्या मधोमध, ते उभं गवत वाऱ्यावर डुलत होतं.

“ते राहिलं की,” व्याही म्हणाले. “सगळ्यात चांगलं गवत तिथलंच आहे. आता आत काही नाही. पाऊस धरायच्या आत दोन फेऱ्यांत होईल. चला, बसा ट्रॅक्टरवर.”

काकांनी ट्रॅक्टरकडे पाहिलं. मग आपल्या पायांकडे पाहिलं. सुजलेला तर सुजलेला, पण चांगला पायही लटलट कापत होता.

“नाही हो,” ते म्हणाले. “आज माझ्याच्यानं त्यावर चढवणार नाही.”

सकाळपासून जपून ठेवलेलं ते फक्कड उत्तर द्यायला याहून चांगली वेळ आली नसती. पण काकांना ते आठवलंही नाही. व्याह्यांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि आपला खांदा पुढे केला. काकांनी तो धरला, आणि दोघं पावसातून हळूहळू घराकडे चालायला लागले.